रिकामा काटा

बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते.
गोणी चढवण्याआधी काटा रिकामा बघत,
पारड्याला बोटाने टिचकी मारत, थांबत.
मी रबाळ्यात, गाळा नंबर बावीस,
जमिनीत बसवलेल्या रोलरवर मोटारी चढवते
आणि त्यांचे घोडे मोजते.
लग्नाच्या बोलणीत हे नीट सांगता येत नाही,
आई म्हणते, कॉम्प्युटरचं काम आहे.

तन्वीर दळवी आले ते मे महिन्यातल्या भर दुपारी.
लाल हॅचबॅक, नवा एक्झॉस्ट, नवं मॅपिंग,
पतपेढीचे एक लाख ऐंशी हजार बॉनेटखाली.
"शंभर तरी निघायला हवेत," म्हणाले,
"मेव्हण्याला सांगून बसलोय."

मी पट्टे आवळले.
फार आवळले तर टायर रोलरवर रुततो,
एखाद-दुसरा घोडा तिथेच रबर तापवण्यात जातो.
हवा बत्तीस, समोर पंखा, चौथा गियर.
आणि त्याही आधी, सवयीने,
रोलर एकदा नुसताच फिरवून बघितला होता.
त्यालाही स्वतःचं ओझं असतं.

गाडी ओरडली. पत्रे थरथरले.
शेजारच्या गाळ्यात पॅकिंग करणाऱ्या बायकांनी
चिकटपट्टी दातात धरून कानात बोटं घातली.
पडद्यावर रेघ चढली, वाकली, पडली.
चौऱ्याण्णव.

दळवी पडद्याकडे बघत राहिले,
दहावीचा निकाल बघावा तसे.
मागून कुरियन सर वाकले, माऊस हातात घेतला.
यादीतला एक पर्याय बदलला: सत्त्याण्णव.
दुसरा, जुन्या पद्धतीचा,
जो हवा थंड आणि कोरडी धरून चालतो: एकशे एक.
मग गिअरबॉक्सने खाल्लेले पंधरा टक्के अंदाजाने परत दिले,
एकशे एकोणीस.
गाडी तशीच उभी, टिकटिक करत निवत होती.
तिने यातलं काहीच केलं नव्हतं.

आणखीही वाटा आहेत, मला माहीत आहेत.
तापमापी टर्बोच्या शेजारी टांगायचा,
मशीनला वाटतं, अरेरे, किती गरम हवा पिते बिचारी,
आणि चार घोडे पदरात टाकतं.
मापात पाप म्हणतात ते असं,
एका क्लिकचं,
आणि कुणी खोटं बोललेलंही नसतं.

"खरा कोणता?"
दळवींनी मला विचारलं. सरांकडे बघितलंसुद्धा नाही.

करेक्शनचा मला राग नाही.
रबाळ्याच्या उन्हाची शिक्षा इंजिनाला नको, म्हणून ते असतं.
दळवींना चहा पाजून थांबवलं.
सहा वाजता खाडीकडून वारा आला, पुन्हा रन घेतला.
कच्चा आकडा पंच्याण्णववर गेला,
दुरुस्त केलेला सत्त्याण्णवच.
हवा बदलली तरी जागचा हलला नाही.
असं स्थळ आलं तर माझी ना नाही.

मार्चमधली त्यांची शीट काढली,
खर्च करण्याआधीची.
हाच रोलर, हाच गियर, हीच पद्धत: एक्क्याण्णव.
दोन्ही रेघा एका कागदावर छापल्या,
खाली पेनाने सगळं लिहिलं,
तापमान, टायरची हवा, पट्टे किती खाचांवर,
पंखा कुठे, तापमापी कुठे.
"शंभर काय, मी एकशे दहाही देऊ शकते," म्हटलं,
"पण सहा तुमचे आहेत."

त्यांनी मनात भागाकार केला.
"म्हणजे तीस हजाराला एक घोडा,"
आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.
कुरियन सर काही बोलले नाहीत,
त्यांनी जाऊन पंखा बंद केला.

फाटकापर्यंत मी सोबत गेले.
ठाणे-बेलापूर रोडला गाडी लागली
आणि पहिल्याच सिग्नलला थांबली,
न्हावा-शेव्याच्या एका कंटेनरमागे.
सत्त्याण्णव घोडे, लाल दिवा.
कागद शेजारच्या सीटवर असेल.
मेव्हण्याला काय सांगितलं, कळलं नाही.